खांब बघा, सर

मागच्या महिन्यात लोंढ्याला आमची रेल्वे उभी होती आणि शेजारच्या रुळावर दुसरी, अगदी खिडकीला खिडकी लागून. मी नुकताच चहा घेतला होता. एवढ्यात गाडी हलली. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी "सुटली एकदाची" म्हणून हात जोडले, त्यांच्या पत्नीनं जेवणाचा डबा उघडायला घेतला, आणि मी तो उकळता चहा घाईघाईनं घशाखाली लोटला. चालत्या गाडीत पोटात गेलेलं माझ्या पोटात राहत नाही, हा जन्माचा अनुभव. जीभ पोळून झाली आणि शेजारची गाडी संपली. पलीकडं लोंढ्याचा फलाट होता तिथंच, फलाटावर झोपलेलं कुत्रंही होतं तिथंच. सुटली होती ती शेजारची गाडी. आम्ही जागचे हललोच नव्हतो.

"हलली होती हो, मला कळलं ना," गृहस्थ म्हणाले.

माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "कशाच्या मानानं?"

ते माझ्याकडं असे काही बघायला लागले, की मी मुकाट्यानं फोन काढला आणि निपाणीला कांबळे बाईंना लावला. झालेली फजिती सांगितली. बाई आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "खांब बघितला न्हाईत, सर. इतकी वर्षं सांगून."

कांबळे बाईंनी आणि मी बेळगावातल्या एका मराठी हायस्कुलात बरोबर नोकरी केली. त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. राहायलाही दोघं अनगोळातच, त्यामुळं जायची-यायची बसही एकच. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी बाईंच्या तावडीत. उंची बेताची, पण चाल अशी की बरोबर चालणाऱ्याला अधूनमधून पळावं लागे. खांद्याला एक भलीमोठी पिशवी. तिच्यात बॅटरीचे दिवे, आरशाचे तुकडे, सुतळी, भोवरा, लोहचुंबक, आणि या सगळ्याच्या तळाशी भाकरीचा डबा. एकदा त्यांच्या शेंगदाण्याच्या चटणीत मला लोखंडाचा कीस सापडला, तर म्हणाल्या, वरनं चुंबक फिरवा आणि खावा. बुद्धपौर्णिमेला पांढरीशुभ्र साडी नेसून आमच्याकडं खिरीचं पातेलं घेऊन यायच्या. तेवढा एक दिवस पिशवी घरी राहायची.

आणि तो प्रश्न. कुणी म्हणालं आज उकाडा लई आहे, की बाई विचारणार, "कशाच्या मानानं?" कुणी म्हणालं हल्लीची पोरं बिघडलीत, तरी तेच. शिपायानं नुसतं "बाई, आज उशीर झाला" म्हटलं तरी त्याची सुटका नाही. यात खोचकपणा असता तर माणूस भांडून मोकळा झाला असता. पण बाईंना खरोखरच माहिती हवी असायची, आणि लोक चिडायचे ते यावरच. आमचे हेडमास्तर चौगुले सर चिकोडीकडचे, शिस्तीचे, रागावले की कन्नडवर जायचे. एका मीटिंगमध्ये ते म्हणाले, आपली शाळा मागं पडत चालली आहे. झालं, बाईंचा हात वर. शेजारची शाळा पुढं गेली म्हणून आपण मागं आल्यासारखं वाटतंय, का आपण खरंच मागं चाललोय, हे आधी ठरवा, कारण दोन्हीला औषध वेगळं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यावर चौगुले सर कन्नडमध्ये जे काही बोलले ते ज्यांना कन्नड येत होतं त्यांनाच कळलं, म्हणजे आम्हा सगळ्यांना. पण त्यानंतर त्यांनी शेजारच्या शाळेचं नाव काढलं नाही.

मला गाडी लागते हे बाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. अनगोळ ते शाळा हा प्रवास तो केवढा, पण मी उतरायचो तो लिंबासारखा पिवळा होऊन. बाईंचं म्हणणं असं, की माझे डोळे समोरच्या सीटच्या पाठीला धरून बसलेले असतात आणि ती पाठ तर हलत नाही. डोळे सांगतात आपण बसलोय, कान सांगतात आपण चाललोय, आणि या भांडणात पोट मधल्यामध्ये मरतं. उपाय एकच, बाहेरचं काहीतरी न हलणारं धरायचं. "खांब बघा, सर, खांब." मी इमानानं खांब बघायला लागलो. एकेक खांब सर्रकन अंगावर येऊन मागं जायचा, आणि तिसऱ्या खांबाला मी रुमाल तोंडाला लावायचो. बाई, तुमचे खांब पळतात हो, असं मी एकदा चिडून म्हटलं. "जवळचा खांब पळणारच. लांबचा बघा. लांबचं काही पळत न्हाई," त्या म्हणाल्या. हे वाक्य पुढं मला भलत्याच ठिकाणी आठवायचं होतं.

बाईंना सख्खं असं एकच माणूस, निपाणीची रत्नाआक्का. आई-वडील लवकर गेले. आक्का दहा-बारा वर्षांनी मोठी. तिनं तंबाखूच्या वखारीत काम करून बाईंना शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. वखारीच्या कामाला बायांना नेणारा-आणणारा टेम्पो असायचा. आक्का जन्मभर त्या टेम्पोत मागं, तंबाखूच्या पोत्यांवर, मागच्या बाजूला तोंड करून बसून हिंडली. बसमध्ये बसली तरी गर्दीत, बायकांच्या घोळक्यात. बाई नोकरीला लागल्या तेव्हा आक्का एकदा म्हणाली होती, "मी बघितला तो समदा गेलेला रस्ता बघितला गं शके. येनारा रस्ता कसा दिसतुया कुनास ठावं." त्यावर बाईंनी तिला शब्द दिला होता, की माझी गाडी येईल, मी चालवीन आणि तुला पुढच्या सीटवर बसवून तवंदीच्या घाटातनं बेळगावला आणीन. शब्द दिला आणि मग शाळा, संसार, नवऱ्याचं आजारपण, लेकीचं शिक्षण यात तो कधीतरी पुरा करायच्या गोष्टींत जाऊन बसला. नवरा गेला, लेक लग्न होऊन बेंगळूरला गेली, तरी तो तिथंच होता.

बाईंचं शिकवणं म्हणजे काय ते एका उदाहरणानं सांगतो. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना घोंगडी लावून त्यांनी एकदा भरदुपारी मिट्ट काळोख केला, शिपायाची सायकल आत घेतली, आणि मागच्या चाकाच्या कडेला एक बारीक दिवा बांधून सायकल भिंतीच्या कडेनं ढकलत नेली. काळोखात चाक दिसेना, सायकल दिसेना, बाई तर मुळीच नाहीत, नुसता दिवा दिसत होता. दिवा टुणटुण उड्या मारत गेला. पोरं ओरडली, बाई, बेडूक. फळ्यावर काढायला सांगितलं तर सगळ्यांनी कमानीच्या कमानी काढल्या. मग बाईंनी दुसरा दिवा चाकाच्या बरोबर मधोमध बांधला आणि सायकल पुन्हा तशीच नेली. आता बेडूक गेला आणि सगळ्यांना चाक दिसलं, गोल गोल फिरत पुढं जाणारं. कडेचा दिवा तोच, चाल तीच, मग उड्या कुठं गेल्या, एवढंच बाईंनी विचारलं.

दारात चौगुले सर कधी येऊन उभे राहिले होते कळलंच नाही. ते म्हणाले, परत एकदा दाखवा. दाखवलं. आणखी एकदा म्हणाले. त्यांचा मुद्दा असा होता, की कडेचा दिवा उड्या मारतो हे मला आता माहीत आहे, तर दोन्ही दिवे लागलेले असताना मला त्या दिसल्याच पाहिजेत. माणूस जिद्दीचा, बाकावर बसून डोळे फाडफाडून बघत होता. उड्या काही दिसेनात. शेवटी बाई म्हणाल्या, "सर, डोळ्याला मधला दिवा सापडला की तो बाकीचं त्याच्याच मानानं बघतो. माहीत असून उपयोग न्हाई. हेडमास्तर असला तरी न्हाई." पुढचा तास मराठीचा होता, माझा, आणि तो चौगुले सरांच्या जिद्दीपायी बुडाला.

आता घोड्याचं. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक ही आमच्या बेळगावची काय चीज आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. गल्लोगल्लीची मंडळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावे उभे करतात, आणि वर्षभर गोडीगुलाबीनं राहणारी माणसं त्या आठवड्यात दुसऱ्या गल्लीतून जाताना ताडपत्रीच्या फटीतून चोरून बघतात. त्या वर्षी आमच्या गल्लीचा देखावा होता खलिता घेऊन दौडणाऱ्या स्वाराचा. लाकडी घोडा झकास झाला होता, पुढचे दोन्ही पाय हवेत. वर फेटा बांधून, खलिता छातीशी धरून गल्लीतला दूधवाला बसणार होता. पण घोडा काही केल्या पळताना दिसेना. मंडळाचे अध्यक्ष अण्णा बाईंकडे आले. बाई म्हणाल्या, घोडा पळवायची गरजच न्हाई, डोंगर पळवा.

मग घोड्याच्या मागं दोन उभे रूळ बसवले, त्यांच्यावर डोंगर-झाडं रंगवलेलं लांबलचक कापड गुंडाळलं, आणि पडद्याआड दोन गडी रूळ फिरवायला बसवले. डोंगर मागं सरकायला लागले, आणि आहाहा, ट्रॉली जागची हललेली नसताना घोडा असा भरधाव सुटला की म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी बाईंच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. कापडाला शेवट असतो, ही गोष्ट मात्र त्या आनंदात कुणाच्या ध्यानात आली नाही. बाईंच्याही नाही.

मिरवणूक दिवेलागणीला निघाली. आमचा चित्ररथ मोठ्या चौकात परीक्षकांच्या मांडवासमोर आला आणि नेमकं तिथं कापड संपलं. पडद्याआडच्या गड्यांनी कुणीही केलं असतं तेच केलं. कापड उलटं गुंडाळायला घेतलं, आणि घाई होती म्हणून जोरात गुंडाळलं. सगळ्या बेळगावच्या डोळ्यांदेखत आमचा स्वार, मिशीला पीळ, छाती पुढं, खलिता घट्ट धरलेला, असा भरधाव उलटा पळाला. दूधवाल्याला बिचाऱ्याला काय माहीत मागं काय चाललंय, त्यानं आपला ऐटीतला चेहरा तसाच ठेवला. शेजारच्या गल्लीची माणसं हसून हसून रस्त्यावर बसली. अण्णांनी कपाळावर हात मारला. आणि बाई साडीचा पदर खोचून ट्रॉलीवर चढल्या, चार गड्यांकडून दूधवाल्यासकट घोडा उचलून त्याचं तोंड मागच्या बाजूला फिरवलं आणि माईक हातात घेतला.

"खलिता पोचला," त्या म्हणाल्या. "स्वार आता उत्तर घेऊन परत येतोय."

त्या टाळ्या अजून कानात आहेत माझ्या. पुढं सगळ्या वाटेनं घोडा जात होता आणि येत होता. बक्षीस मिळालं नाही, पण अजूनही आमच्या अनगोळच्या माणसाला बाजारात कुणीतरी विचारतंच, काय, तुमचा घोडा जातोय का येतोय?

ती मिरवणूक बघायला आक्का निपाणीहून आल्या होत्या. त्यांना चौकात खुर्चीवर बसवून त्यांच्याजवळ थांबायचं काम माझ्याकडं होतं. घोडा उलटा पळाला, सारा चौक खिदळायला लागला, आणि आक्का मला विचारतात, "काय झालं वो सर? घोडा कुठं हाय?" ट्रॉली आमच्या उजव्या हाताला होती, अगदी हाकेच्या अंतरावर. मी बोट दाखवलं तरी त्यांना सापडेना. ती बरोबर समोर आली तेव्हा म्हणाल्या, "हां, हितं हाय व्हय." मला त्याची गंमत वाटली. घरी जाताना मी बाईंना ती गंमत म्हणूनच सांगितली. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रजा टाकून आक्कांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या.

काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांना. बाजूची नजर आधी जाते आणि समोरची शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेली ती नजर परत येणार नाही आणि उरलेलीही किती दिवस राहील सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी मला हे बसमध्ये सांगितलं, लांबच्या डोंगराकडं बघत. थोड्या वेळानं म्हणाल्या, गावडे सर, मी गाडी शिकणार. मी म्हटलं, अहो, एक भाड्याची गाडी करा, उद्याच्या उद्या घाट दाखवून आणा. त्यावर म्हणाल्या, परक्या ड्रायव्हरच्या शेजारी आक्का बसायची न्हाई, ती मागं जाऊन बसंल. मी चालवली तरच पुढं बसंल.

तर निवृत्तीला आलेल्या कांबळे बाई गाडी शिकल्या. जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली. शिकवणाऱ्या माणसाला त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, वेग जास्त म्हणजे कशाच्या मानानं, आणि तो माणूस पुढं त्यांच्याशी फक्त खुणांनी बोलायचा असं मी ऐकून आहे. पण शिकल्या त्या व्यवस्थित. लायसनच्या परीक्षेला गेल्या तेव्हा स्टाफरूममध्ये पेढ्यांची चर्चा चालू होती. बाई आल्या त्या पिशवी टेबलावर आपटून.

झालं होतं असं. परीक्षेत चढावर गाडी थांबवून मागं न घसरता पुढं काढायची असते. बाईंनी गाडी थांबवली, सगळं ठीक. शेजारी वाळूचा ट्रक उभा होता, तो त्याच वेळी पुढं निघाला. बाईंना वाटलं आपली गाडी मागं घसरली. त्यांनी जीव खाऊन ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद पडलं, आणि वर हॉर्नही वाजवला. परीक्षा घेणारे साहेब थंडपणे म्हणाले, "गाडी हिंदे होगलिल्ल, मॅडम." गाडी मागं गेलीच नव्हती. नापास.

"मला माहीत होतं," बाई आम्हाला सांगत होत्या, आणि त्यांना हसू येत होतं का रडू ते कळत नव्हतं. "ट्रक हलताना मी मनात म्हटलंसुद्धा, शकुंतला, हा भास हाय. जन्मभर शिकवलंय मी हे. पण पाय ऐकंना." चौगुले सर कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "माहीत असून उपयोग नसतो, बाई." इतक्या वर्षांनी त्यांना चाकाचं उट्टं काढायला मिळालं. आम्ही सगळे हसलो. बाईही हसल्या आणि मग कॅलेंडरची पानं उलटायला लागल्या. पुढची परीक्षा लगेच मिळणार नव्हती, आणि आक्कांचे डोळे काही तारखेसाठी थांबणार नव्हते.

त्यानंतर माझ्या हालअपेष्टांना सुरुवात झाली. रेल्वे फाटकाजवळच्या चढावर, रस्त्याच्या कडेला बाई गाडी लावायच्या, मला शेजारी बसवायच्या आणि फाटक उघडायची वाट बघायच्या. फाटक उघडलं की शेजारनं ट्रक, बस, ट्रॅक्टर पुढं सरकायला लागत आणि आमची उभी गाडी मागं घसरायला लागे. बाई स्टिअरिंग धरून विचारत, हललो का? मी म्हणे हललो. कशाच्या मानानं? ट्रकच्या. आणि खांबाच्या? मी खांब बघे. खांबाच्या मानानं न्हाई, बाई. मग पुढचा ट्रक. हे रोज. अहो, जागच्या जागी उभ्या असलेल्या गाडीत गाडी लागणारा या जिल्ह्यातला मी पहिला माणूस असेन. दार उघडून मी वाकलेला असताना एकदा पोलीस आला आणि काय चाललंय म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, प्रॅक्टिस. तो म्हणाला, उभ्या गाडीत? बाई म्हणाल्या, चालत्या गाडीत आम्हाला काही अडचण न्हाई.

एकदा मी विचारलं, आता भास कमी झाला असेल ना? त्या म्हणाल्या, "मुळीच न्हाई. पहिल्या दिवशी होता तेवढाच हाय. भास होऊ दे, सर. पाय हलू द्यायचा न्हाई, बास." दुसऱ्या परीक्षेत बाई पास झाल्या. त्या दिवशी पेढे चौगुले सरांनी आणले.

एवढं होईपर्यंत पावसाळा संपून ऊसतोडी सुरू झाल्या होत्या. एका रविवारी आम्ही आक्कांना आणायला निपाणीला गेलो. पहिल्याच लांबच्या फेरीला सोबत म्हणून मी मागच्या सीटवर, हातात लिंबू. आक्का नवं लुगडं नेसून उंबऱ्यातच बसल्या होत्या. बाईंनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. आक्कांनी समोरच्या काचेवरनं हात फिरवला आणि म्हणाल्या, "हितनं दिसतुया व्हय येनारा रस्ता." बाई म्हणाल्या, "हितनंच दिसतो. बघ आता."

बाई गाडी उजव्या अंगाला, दुभाजकाला धरून चालवत होत्या आणि काटा चाळिशीच्या वर जात नव्हता. मागनं येणारे हॉर्न वाजवून, डावीकडनं पुढं जाऊन, वळून बघत होते. बाईंचं कुणाकडं लक्ष नव्हतं. तवंदीचा घाट त्यांनी असा चढला की मी लिंबू हुंगायचंही विसरलो. वर सपाटीला आलो, रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंनी उसाचे फड झरझर मागं जात होते. आक्का मान ताठ ठेवून समोर बघत होत्या. बाईंनी विचारलं, दिसतोय ना गं रस्ता? दिसतोय की, आक्का म्हणाल्या. आणखी दोन-चार फड मागं गेले. आणि मग आक्का हळूच म्हणाल्या,

"शके, गाडी हुबी हाय व्हय?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. आपल्याला वेग कळतो तो बाजूनं पळणाऱ्या झाडांमुळं, फडांमुळं, जवळच्या खांबांमुळं. आक्कांची बाजूची सगळी नजर गेली होती. त्यांना उरला होता तो समोरचा ताटलीएवढा लांबचा रस्ता, आणि लांबचं काही पळत नाही. मला गाडी लागू नये म्हणून बाईंनी जे शिकवलं होतं तेच नेमकं आक्कांच्या वाट्याला आलं होतं. आरशात मला बाईंचा चेहरा दिसला. त्यांना हे माझ्याआधी कळलं होतं. मला फार वाईट वाटलं, इतकं की आता मी काहीतरी बोलणार आणि सगळं बिघडवणार असं वाटून मी लिंबू तोंडात धरलं.

बाईंनी आक्कांच्या बाजूची काच खाली केली.

"हात भाईर काढ, आक्का."

आक्कांनी बिचकत हात बाहेर काढला. तळवा उघडला. वाऱ्यानं तो मागं ढकलला, त्यांनी परत पुढं आणला. लुगड्याचा पदर फडफडायला लागला. आक्कांचं तोंड मागनं दिसत नव्हतं, पण खांदे हसत होते.

"हां," त्या म्हणाल्या. "आता पळाय लागली. अगं, किती जोरात चालीवतीस शके?"

"तुझ्याच मानानं चालवतेय," बाई म्हणाल्या आणि बाहीनं डोळे पुसले.

पुढच्या फाट्यावर मी गाडी थांबवायला सांगितली. मला मळमळत होतं हे खरंच होतं, पण त्या दोघींच्या मध्ये मी उगाच बसलोय असंही वाटत होतं. तुम्ही व्हा पुढं, मी बसनं येतो, म्हटलं. बाईंनी एका शब्दानं अडवलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. आक्का अनगोळात रमल्या नाहीत. निपाणीच्या घरात त्यांना भिंत न् भिंत हाताला ठाऊक होती, इथं रोज कुठंतरी धडकायच्या. बाई निवृत्त झाल्या त्याच महिन्यात घर आवरून निपाणीला राहायला गेल्या. आक्का अनगोळात आली काय आणि मी निपाणीला गेले काय, भेट तीच, असं मला म्हणाल्या. बसमध्ये माझ्या शेजारची जागा तेव्हापासून कुणाकुणाला जाते. बाई आठवल्या की मला वर्गातल्या आठवत नाहीत, ट्रॉलीवरच्याही नाहीत. त्या रविवारी बसमधनं दिसल्या तेवढ्याच आठवतात.

फाट्यावर मला लगेच बस मिळाली. चालकाच्या मागची उजवीकडची खिडकी मिळाली. चाळिशीनं चाललेल्या बाईंना बसनं थोड्याच वेळात मागं टाकलं. संकेश्वरच्या अलीकडं आमच्या पुढं उसाची ट्रॉली आली, बस रेंगाळली, आणि उजव्या बाजूला दुभाजकाला धरून ती पांढरी गाडी माझ्या खिडकीशी आली. दोन्हींचा वेग एक झाला आणि गाडी माझ्यासमोर चक्क उभी राहिली. पलीकडचे फड पळत होते, रस्ता पळत होता, आणि त्या दोघी बहिणी उंबऱ्यात बसावं तशा निवांत बसल्या होत्या. आक्कांचा हात अजून बाहेर होता. त्या काहीतरी सांगत होत्या आणि बाई समोर बघत हसत होत्या. माझ्याकडं बघायचा प्रश्नच नव्हता, रस्त्यावरची नजर बाई काढणार नाहीत.

मग बाईंनी वेग वाढवला असावा. गाडी हळूहळू पुढं सरकायला लागली, आणि माझी बस मागं घसरली. मला माहीत होतं. आठवडेच्या आठवडे मी फाटकाच्या चढावर हेच शिकलो होतो. बस पुढंच चालली होती, खांब बघितला असता तर कळलंही असतं. पण मी खांब बघितला नाही. माझा उजवा पाय बसच्या फरशीवर दाबला गेला, शेजारच्या माणसानं काय झालं म्हणून विचारलं, आणि आक्कांचा तो हात लांब जाऊन दिसेनासा होईपर्यंत मी पाय उचलला नाही.